मुलीकडच्या

होळी झाली की आमच्याकडचा वारा फिरतो. सातपुड्यावरून उतरतो तेव्हा तो बरा असतो, पण दुपारी तापीच्या कोरड्या वाळूवरून तापून आला की केळीच्या पानांच्या चिंध्या करतो. बांधावर लावलेल्या शेवरीच्या कुंपणाला तो जुमानत नाही. दिवसभर मळ्यात फडफड, फडफड. ती ऐकू आली की माझी झोप उडते. केळीच्या काळजीने नव्हे. परीक्षांचा मोसम आला म्हणून.

यंदाही आलाच. परवा माझी चुलतबहीण लता हिचा फोन आला. तिच्या मुलीचं परीक्षेचं केंद्र जळगावला पडलंय. लता नाशिकला असते, जळगाव तिला फक्त स्टेशनापुरतं ठाऊक. म्हणाली, "पोरगी आत जाईल, मग मी तीन-चार तास काय करू गं तिथं? बघण्यासारखं काही आहे का? गर्दीचं नको. कुणाला फारसं माहीत नसलेलं सांग." तिने असा एक व्हिडिओ पाहिला होता म्हणे. कुठल्याशा मोठ्या शहरातली कमी माहितीची ठिकाणं. तो तिने मला पाठवलाही. एक तरतरीत मुलगी जुन्या घरातल्या कॉफीच्या दुकानात बसते, मग टेकडीवर जाते, मग रंगवलेल्या भिंतीपुढे उभी राहते. सगळीकडे संध्याकाळचा मऊ उजेड आणि केस उडवण्याइतपत वारा.

मला राग आला. त्या मुलीचा नाही, त्या उजेडाचा. संध्याकाळी कुठलंही शहर बरंच दिसतं. परीक्षेला आलेल्या मुलीच्या आईला शहर बघावं लागतं ते भर दुपारी, हातात दोन पिशव्या घेऊन. त्या वेळी शहरात पहिला प्रश्न काय बघायचं हा नसतो, कुठे टेकायचं हा असतो.

मी लताला म्हटलं, "सांगते. सावकाश सांगते." आणि फोन ठेवल्यावर तो उन्हाळा सगळाच्या सगळा अंगावर आला.

त्या वर्षी हर्षदा, माझी थोरली, तिसऱ्यांदा सरकारी भरतीच्या परीक्षांना बसत होती. आमचं गाव चोपड्याजवळ. घरी केळी आणि कापूस. पोरगी पदवीधर होऊन घरात बसलेली, म्हणजे लोकांच्या मते बसलेली. खरं तर ती पहाटेपासून माळ्यावर पुस्तकांत वाकलेली असायची. तिचे पप्पा वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या कानाशी सारखं कुणीतरी बोलत असायचं. शिरपूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा, घर बरं, त्यांना घाई. एका दुपारी जेवताना हे म्हणाले, "या उन्हाळ्यात काय ते ठरू दे. परीक्षा तर परीक्षा, नाहीतर लगीन. दोन्ही डगरींवर पाय ठेवून तापी पार होत नाही." मी म्हटलं, "उन्हाळा संपू तर द्या." तेवढीच मुदत मला मागता आली.

पहिला पेपर जळगावला. केंद्र कसलं, हायवेच्या पलीकडे, वस्ती संपते तिथलं एक कॉलेज. चोपड्याहून पहिली गाडी धरून, पूल ओलांडून, पुढे रिक्षाने आम्ही पोचलो तेव्हा फाटकाबाहेर जत्रा जमली होती. पोरींच्या कानातले काढून घेत होते, ओढण्या काढून घेत होते. कुणाचा शर्ट पूर्ण बाह्यांचा म्हणून त्या बाह्या तिथेच कापत होते. हर्षदाने कानातल्या रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या आणि आत गेली. फाटक बंद झालं. रखवालदार काठी आपटत म्हणाला, "पालकांनी इथं थांबायचं नाही. लांब व्हा."

लांब म्हणजे कुठे? रस्ता रुंद करताना झाडं तोडलेली. बुंधे तेवढे उरलेले. जी एक टपरी होती तिच्या पत्र्याखाली बापमंडळी बसली होती. चहा घेत होती, तंबाखू मळत होती. काहीजण लावलेल्या मोटरसायकलींवर आडवे झाले होते, एकाने तर पेपर तोंडावर घेऊन ताणून दिली. मला त्यांचा हेवा वाटला. पुरुषाला शहरात कुठेही बसता येतं. पायरीवर, पुलाच्या कठड्यावर, दुसऱ्याच्या गाडीवर. त्याला कुणी विचारत नाही, कोण तुम्ही, कुणाची वाट बघताय. बाई नुसती बसली की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग तिच्या आजूबाजूला बघतात, मग पुन्हा तिच्याकडे.

मी कॉलेजच्या भिंतीला लागून चालत राहिले, कारण भिंतीची हातभर सावली पडत होती. त्याच सावलीत एक बाई भिंतीला पाठ लावून उभी होती. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. बाळ तिच्या कानातली बुगडी ओढत होतं.

"कुठल्या व तुम्ही?" तिने विचारलं.

"चोपड्याकडच्या. मुलीचा पेपर आहे."

"मी पहूरची. माही सून गेली आत. ही तिची पोर." तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "सकाळी पाजलं तिनं. आता दुपारपर्यंत मले सांभाळायची हाये. पन उभी किती राहू? माहे पाय काय लाकडाचे हायेत?"

ही सिंधूअक्का. त्या उन्हाळ्यात मला मिळालेली एवढी एकच चांगली गोष्ट. सून पूजा लग्नाआधीपासून अभ्यास करणारी. बाळंतपणात एक वर्ष गेलं. मुलगा म्हणाला आता राहू दे. अक्का म्हणाली, राहू दे काय म्हणतोस, पोर मी सांभाळते. बोलून तर गेली, आणि आता उन्हात उभी होती.

आम्ही दोघी आणि ते बाळ, स्वरा तिचं नाव, अशा तिघी सावलीच्या शोधात निघालो. हायवे ओलांडला की एक बाग आहे असं कुणीतरी सांगितलं. गेलो. बाग खरंच होती. हिरवळ, बाकडी, लिंबाची मोठी झाडं, त्यांच्याखाली गार काळोख. आणि फाटकाला कुलूप. पाटीवर लिहिलेलं, सकाळी अमुक ते अमुक, संध्याकाळी अमुक ते अमुक. मधली सगळी दुपार बंद. आम्ही गजांना धरून आतल्या सावलीकडे बघत राहिलो. आत एक कुत्रं बाकड्याखाली निवांत झोपलं होतं.

अक्का म्हणाली, "सकाळी न् संध्याकाळी तर बठ्ठं जगच गार असते. मंग ही बाग उघडते कशाले?"



तिथून पुढे अभ्यासिका. पंखे फिरताना बाहेरून दिसत होते. आतला तरुण सभ्यपणे म्हणाला, फक्त विद्यार्थ्यांसाठी. मग एक देऊळ. गाभारा बंद, पण मंडप मोकळा होता. फरशीवर टेकलो, स्वराला पदराखाली निजवलं, आणि एवढ्यात पुजाऱ्यांची बायको आतून आली. ती रागावली नाही, उलट तांब्याभर पाणी दिलं. पण म्हणाली, "फरशी धुवायची वेळ झाली, ताई." झालं. धुतलेल्या फरशीच्या कडेला चपला हातात घेऊन आम्ही उभ्या.

आणि एक गोष्ट आहे, जी कुणी लिहीत नाही. पाणी मिळालं तरी आम्ही दोघी घोट-घोटच पीत होतो. पोटभर प्यायलो तर पुढे जायचं कुठे? वैशाखाच्या तोंडावर, जिथे जनावराला पण हौद भरून ठेवतात, तिथे दोन जाणत्या बायका तहान मोजून भागवत होत्या.

परतलो तर फाटकाशी आरडाओरडा. आतल्या कॉम्प्युटरांनी दगा दिला होता. काही पोरांचे पेपर अर्ध्यात बंद पडले, काहींचे उघडलेच नाहीत. पेपर रद्द, नवी तारीख कळवण्यात येईल. पोरंपोरी बाहेर येत होती, कुणी शिव्या देत, कुणी रडत. हर्षदा रडली नाही. माझ्याकडून कानातल्या रिंगा घेतल्या आणि म्हणाली, "अर्धा झाला होता, आई. चांगला जात होता." पूजा मात्र धावत आली ती थेट बाळाकडे. ब्लाउजचा पुढचा भाग दुधाने भिजला होता, त्यावर तिने फाइल घट्ट धरली होती.

त्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता. अक्काने मला एक जागा दाखवली. रेल्वे स्टेशनात बायकांसाठी वेगळी प्रतीक्षागृहाची खोली असते, तिकीट असलं की बसता येतं. "जवळच्या स्टेशनाचं तिकीट काढायचं," अक्का म्हणाली, "न् गाडीत चढायचंच नाही." लांबलचक बाकं, वर करकरणारा पंखा, कोपऱ्यात नळ, आतच स्वच्छतागृह. त्या बाकावर आम्ही चौघी आणि ते बाळ हारीने बसलो. बाहेर गाड्यांची नावं पुकारली जात होती. माझ्या लेखी त्या दिवशी जळगावातलं सगळ्यात प्रेक्षणीय स्थळ ते. तिथे पोचायला मात्र कुठेतरी निघाल्याचं सोंग करावं लागतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "रद्द? म्हणजे आता परत?" शिरपूरकडच्यांचा फोन येऊन गेला होता. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. उत्तर द्यायचं टाळायचा तो एक चांगला मार्ग आहे.

मधल्या काळात दुसऱ्या एका भरतीचा पेपर धुळ्याला आला. अमळनेरमार्गे गाडी. धुळं मला कायम हायवेवरूनच दिसलेलं. लळिंगचा किल्ला दिसला की गाव आलं, नाही दिसला की गेलं. त्यात उतरून राहण्यासारखं काही असेल असं कधी मनातच आलं नव्हतं. अक्काशी फोनवर आधीच ठरलं होतं. ती जळगाव, एरंडोल, पारोळा करत स्वरासह हजर. तिच्या पदराच्या गाठीत आता कांदा बांधलेला, ऊन लागू नये म्हणून.

पोरी आत गेल्या आणि आम्ही पुन्हा बेवारस. धुळ्याचे जुने रस्ते सरळ आहेत, फूटपट्टीने आखल्यासारखे, आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. एका नंबरातून दुसऱ्या नंबरात जात पांझरेपर्यंत गेलो. नदीत पाण्यापेक्षा गोटे जास्त. पलीकडे देवीच्या देवळात त्या दिवशी जाऊळ होतं, पाय ठेवायला जागा नाही. परत फिरलो. स्वरा चिडली होती, अक्का तिच्यावर चिडली, मी सगळ्या गावावर. अशात एका जुन्या दगडी इमारतीचं दार उघडं दिसलं. आत अंधार. दारातल्या स्टुलावर म्हातारासा रखवालदार.

मी घाबरतच विचारलं, "इथं काय आहे, दादा?"

"जुन्या मूर्ती शेतस. बठ्ठ्या दगडाना." तो उठला. "या ना माय. पंखा लावस मी. आठे कोन येस? शाळाना पोरे येतस, नहीतर कोनी नही."

ते एक छोटं वस्तुसंग्रहालय होतं. भिंती हातभर रुंद, त्यामुळे आत पाय टाकताच अंगावरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. दिवे लागले. रांगेने देव उभे होते. कुणाचा हात नाही, कुणाचं नाक नाही. अक्काने पदर डोक्यावर घेऊन प्रत्येकाला नमस्कार करायला सुरुवात केली, आणि चार देव झाल्यावर दमून खालीच बसली. आम्ही जिथे बसलो तिथे वर एका चौथऱ्यावर दगडाची बाई होती. मांडीवर मूल. बाईचं डोकं कधीच तुटून गेलेलं, मुलाचा चेहरा झिजलेला, पण बाईचा एक हात मुलाच्या पाठीवर होता तसाच. कोण देवी, कुठल्या गावची, ते पाटीवर होतं, पण माझा चष्मा पिशवीत आणि पिशवी स्वराच्या डोक्याखाली.

अक्का भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. घोरायला लागली. रखवालदार दुरून बघून हसला, पण उठवायला आला नाही. मी त्या डोकं नसलेल्या बाईकडे बघत बसले. किती दिवसांनी मी अशी बसले होते! हातात निवडायची भाजी नाही, डोळ्यांपुढे चूल नाही. घरातून निघून दुसऱ्या गावात, अनोळखी छताखाली, नुसती. पोरीच्या परीक्षेमुळे मला हे मिळालं, असा विचार आला आणि मग लगेच चीडही आली. एवढंसं बसायला मिळावं म्हणून पोरीने इतकं रक्त आटवावं लागतं का? देवीला तरी चौथरा मिळाला, तो देऊळ पडल्यावर आणि डोकं गेल्यावर.

निघताना रखवालदाराला म्हटलं, "दादा, उपकार झाले." तो म्हणाला, "काय उपकार? गार शे तं बठानं. कोना बाप ना शे?" गार आहे तर बसायचं, कुणाच्या बापाचं आहे? एवढं साधं वाक्य त्या सगळ्या उन्हाळ्यात दुसरं कुणी बोललं नाही.

त्या धुळ्याच्या पेपरात हर्षदाला यश आलं नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला उगाच आशेला लावणं मला आवडत नाही. जळगावच्या फेरपरीक्षेचा निकाल लागायला पुढचा हिवाळा उजाडला. त्यात पूजाचं नाव होतं. अक्काने फोनवर आधी रडून घेतलं, मग म्हणाली, "तुह्या पोरीचं नाही दिसलं व." हर्षदाचं नव्हतं, थोडक्यात गेलं. शिरपूरकडच्यांनी तोवर दुसरीकडे सोयरीक जुळवली होती. हे काही दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, मग केळीची कापणी आली आणि बोलायलाच लागलं. हर्षदा आता चोपड्याला एका अभ्यासवर्गात सकाळी शिकवते आणि दुपारी स्वतः अभ्यास करते. तिचं केंद्र यंदा कुठे पडलंय ते अजून कळायचंय. लोक मला विचारतात, "कुठवर?" मला हा प्रश्न त्या बागेच्या पाटीसारखा वाटतो. उघडायची वेळ लिहिलेली, आणि आपण पोचलो की नेमकं बंद.

पण त्या उन्हाळ्याची आठवण निकालापाशी थांबत नाही. ती थांबते फेरपरीक्षेच्या दिवसापाशी.

वैशाख पुरता चढला होता. तेच कॉलेज, तीच भिंत. त्या दिवशीची सुरुवातच खोटी झाली. अक्का आणि पूजा पहूरहून आल्या त्या बसस्थानकावर (कुठल्या ते राहू द्या) तान्ह्या बाळांच्या आयांसाठी हिरकणी कक्ष आहे. दारावर गडाच्या त्या हिरकणीचं रंगीत चित्र, आणि दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो यायचा होता. पूजाने शेवटी एका उभ्या गाडीच्या आडोशाला, अक्काने लुगड्याचा पदर धरल्यावर, बाळाला पाजलं. अर्धवट. फाटक बंद होण्याची भीती, लोकांच्या नजरा, बाळ सारखं तोंड काढून घेत होतं. हिरकणी निदान कडा उतरून बाळापर्यंत पोचली होती. तिला आता कुलपामागे ठेवलंय.

पूजा आत गेली आणि तासाभरात स्वराचं अंग तापलं. आधी ती किरकिरत होती, मग किरकिरणं थांबलं, आणि ते थांबणं जास्त वाईट होतं. मान अक्काच्या खांद्यावर लुळी पडली. ओठ सुकले. मी फाटकाशी जाऊन रखवालदाराला म्हटलं, "आत व्हरांड्यात फक्त सावलीला बसू द्या. बाळाला ऊन लागलंय." त्याच्या चेहऱ्यावर दया होती, ती मला दिसली. पण तो म्हणाला, "मला आत घेता येत नाही, काकू. माझी नोकरी जाईल." त्याचीही नोकरीच. त्या कुंपणाच्या आत-बाहेर सगळे नोकरीसाठीच उभे होते.

रिक्षा दिसेना. अक्काला बाळ पेलेना. "अक्का, चला," मी बाळ माझ्याकडे घेतलं आणि रस्त्याच्या कडेने अक्षरशः पळत सुटले. पुढच्या वळणावर सनई ऐकू आली. मंगल कार्यालय. दारात केळीचे खुंट बांधलेले, आमच्याकडूनच आले असावेत. वऱ्हाड अजून पोचलेलं नव्हतं. आतून कुलरचा वारा दारापर्यंत येत होता, ओल्या वाळ्याच्या वासाचा. मी विचार केला नाही. आत शिरले.

अत्तरदाणी धरलेल्या एका बाईंनी अडवलं. हसूनच, पण नजर माझ्या धुळीने भरलेल्या पायांवर. "कुणाकडच्या आपण?"

माझ्या मागून अक्का धापा टाकत म्हणाली, "मुलीकडच्या."

बाई बाजूला झाल्या. आणि अक्का खोटं कुठे बोलली होती? आम्ही मुलीकडच्याच होतो.

कुलरपुढे खुर्ची ओढून बाळाचे कपडे सैल केले, ओल्या पदराने पुसलं. आमची धांदल बघून एक पोक्त बाई आली. नवरीची आई, ते तिच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यावरूनच कळत होतं. तिने काही विचारायच्या आधी मीच सगळं सांगून टाकलं. कोण, कुठल्या, कशा घुसलो. तिने स्वराच्या कपाळाला हात लावला आणि मागे वळून ओरडली, "अरे, आचाऱ्याकडून साखर-मीठ आणा! आणि डॉक्टरभाऊंना बोलवा, आले असतील." आम्हाला म्हणाली, "इथं नको. नवरीच्या खोलीत चला, तिथं गार आहे."

नवरीची खोली बायकांनी, पेट्यांनी आणि गजऱ्यांच्या वासाने भरलेली. नवरी, कोमल तिचं नाव, शालू नेसून आरशापुढे बसली होती. दोन्ही हात मेंदीचे. डॉक्टरभाऊ म्हणजे तिचे मामा. त्यांनी बाळाला पाहिलं, चमच्याने थोडं थोडं पाणी पाजत राहायला सांगितलं. वेळेत आणलंत म्हणाले. मी चमचा धरला. अक्का कोपऱ्यात बसून पुटपुटत होती, "तिची माय आत पेपर लिहू राहिली, तिले मी काय तोंड दाखवू?"

आरशातून नवरीने मान वळवली. "कसला पेपर?"

मी परीक्षेचं नाव सांगितलं.

"आज आहे ना तो," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच. "सकाळच्या सत्रात. माझाही तिथंच नंबर होता."

तिची आई म्हणाली, "कोमल, आता तो विषय नको बाई."

पण ती बोलली, हळू, केस बांधणारीला मान हलवून त्रास होऊ नये अशी जपून. पहिल्या वेळी पेपर रद्द झाला तेव्हा तीही त्या गर्दीत होती. लग्न आधीच ठरलेलं, पेपर झाल्यावरची तारीख मुद्दाम धरलेली. पत्रिका वाटून झाल्या आणि मग फेरपरीक्षेची तारीख आली. हीच. "मी विनंती केली होती, तारीख बदलून मिळेल का म्हणून. उत्तर आलं नाही. इकडे मुहूर्त बदला म्हणायची तर सोयच नव्हती."

"सासरचे पुढं शिकू देतील ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"म्हणतात तर." ती आरशाकडे वळली.

स्वराने तेवढ्यात माझ्या मांडीवर भरपूर शू केली. डॉक्टरभाऊ दारातून म्हणाले, "आता काळजी नाही." अक्का रडायला लागली, नवरीची आई हसायला लागली, आणि माझं एकुलतं एक बरं लुगडं भिजल्याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

वऱ्हाड नेहमीप्रमाणे नाचत, उशिरा आलं. अक्षता पडल्या. आम्हाला जेवल्याशिवाय सोडायला नवरीची आई तयार नव्हती. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, वर तुपाची धार. पेपर सुटल्यावर हर्षदा आणि पूजा कुणाच्या तरी फोनवरून विचारत विचारत तिथे आल्या. पूजाने पत्रावळींच्या रांगेतच लेकीला उराशी धरलं. तिला घडलेलं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जो पांढरा पडला, तो मी पुन्हा आठवत नाही.

मला वाटलं, निघण्याआधी नवरीला सांगून यावं. चौघी मंचावर चढलो. पुढे आहेर देणाऱ्यांची रांग, दिव्यांचा झगझगाट, नवरदेव घामाघूम. हर्षदा उन्हात लाल झालेली, केस विस्कटलेले, बोटाला शाई. नवरीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला बरोबर ओळखलं. वाकून, मुंडावळ्या एका हाताने बाजूला करून विचारलं, "कसा होता?"

"गणित अवघड होतं," हर्षदा म्हणाली.

"काय काय होतं?"

"नफा-तोटा. वेळ-वेग. आणि ते टाकीचं. दोन नळ भरतात, तिसरा रिकामी करतो."

फोटोवाला ओरडला, "नवरीबाई, इकडे बघा! ताई, तुम्ही जरा सरका." दोघींनीही ऐकलं नाही. नवरदेव एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

कोमलने विचारलं, "आकडे काय दिले होते?"

हर्षदाने सांगितले. सनई, कुलर, मागच्या रांगेची कुरकुर, सगळ्यावर आवाज चढवून सांगितले. नवरीने डोळे मिटले. मेंदीची बोटं शालूवर हळूहळू हलत राहिली. मग डोळे उघडले.

"तुझं काय आलं?"

"बारा तास."

"माझंही बाराच आलं असतं," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याकडे वळली.